नव्वद दिवसांनंतरचं इंटरनेट

५ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत महाराष्ट्र सरकार आणि इलॉन मस्क यांची स्टारलिंक कंपनी यांच्यात एका इरादापत्रावर सह्या झाल्या. उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी या कंपनीशी असा समझोता करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्यात चार जिल्ह्यांची नावं ठळकपणे आली: गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. नीती आयोगाने २०१८ मध्ये विकासात मागे राहिलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली, तिच्यातले महाराष्ट्राचे चार जिल्हे नेमके हेच. शासकीय आणि आदिवासी शाळा, आपले सरकार केंद्रं, प्राथमिक आरोग्य केंद्रं यांना आधी जोडायचं आणि ९० दिवसांच्या पथदर्शी टप्प्यात काम कसं होतं ते पाहायचं, असा बेत जाहीर झाला. अर्थात केंद्राच्या सगळ्या परवानग्या मिळाल्यावरच. धाराशिवचं नाव यादीत असल्याने छत्रपती संभाजीनगर महसूल विभाग, म्हणजे मराठवाडाही या प्रयोगात आला आहे. तेव्हापासून वाद सुरू आहे तो परदेशी कंपनी, देशाची सुरक्षा आणि रेडिओलहरींचा (स्पेक्ट्रमचा) लिलाव यांवर. हे प्रश्न खरेच आहेत. पण ज्या गावांच्या नावाने हे सगळं चाललं आहे, त्यांच्यासाठी कळीचा प्रश्न निराळा आहे. गावात उपग्रहाची तबकडी (डिश) बसल्यानंतर दर महिन्याचं बिल कोण भरणार, ती बंद पडली तर दुरुस्त कोण करणार आणि गावाने जाब कुणाला विचारायचा? याची उत्तरं करारात नसतील, तर उपग्रह कितीही चांगला असला तरी गाव तिथेच राहील.

हे तंत्र चालतं कसं, ते आधी समजून घेऊ. टीव्हीच्या डिशला दिसणारा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि आकाशात एकाच जागी स्थिर वाटतो. इतक्या लांबून इंटरनेट चालवायचं, तर मागणी वर जायची, खाली यायची, उत्तर पुन्हा वर जायचं, पुन्हा खाली यायचं, यात जवळपास अर्धा सेकंद जातो. सिनेमा बघायला ते चालतं, पण डॉक्टरांशी समोरासमोर बोलताना किंवा बोटाचा ठसा पडताळताना जाच होतो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे हा उशीर सेकंदाच्या काही शतांशांवर येतो. मात्र इतक्या खालचा उपग्रह दीड तासाच्या आसपास पृथ्वीला फेरी मारतो आणि एका गावाच्या डोक्यावर काही मिनिटंच राहतो. म्हणून हजारो उपग्रह लागतात आणि जमिनीवरची तबकडी एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरत राहते. उपग्रहाकडे आलेली माहिती पुन्हा जमिनीवरच्या मोठ्या केंद्रात उतरते आणि तिथून पुढे फायबरच्या तारेनेच जगभर जाते. म्हणजे उपग्रहाचं इंटरनेटही शेवटी तारेवरच उभं आहे. त्याने वाचतो तो फक्त अवघड टप्पा, डोंगर, नदी आणि जंगल ओलांडण्याचा.

हा अवघड टप्पा चारही जिल्ह्यांत सारखा नाही, आणि सरकारी कागदावर हा फरक पुसला जाण्याची भीती वाटते. गडचिरोलीतल्या भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा जिल्ह्याशी संपर्क तुटतो. जंगलातून तार टाकणं आणि ती टिकवणं दोन्ही कठीण. मोबाईलचे टॉवर माओवाद्यांनी जाळल्याच्या घटनाही या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. नंदुरबारमध्ये अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याच्या घड्या आहेत, पाडे डोंगरांवर विखुरलेले आहेत आणि सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या गावांना दवाखानासुद्धा बोटीतून येतो. इथे उपग्रह ही चैन नाही. इथे तो आजच्या घडीला सर्वांत सरळ मार्ग आहे, आणि तो आणण्यात दिरंगाई करणं अन्यायाचं ठरेल. पण धाराशिवचं काय? तो बालाघाटच्या पठारावरचा जिल्हा आहे. रस्ते आहेत, एसटी जाते, बहुतेक गावांपर्यंत तार नेण्यात निसर्गाचा मोठा अडथळा नाही. वाशिमचंही थोड्याफार फरकाने तेच. तिथे इंटरनेट नसेल किंवा सारखं जात असेल, तर ते जमिनीवरच्या कामाचं अपयश आहे. मराठवाड्याला टँकरचा अनुभव आहे. तातडीची सोय म्हणून टँकर येतो, त्याच्या भरवशावर नळयोजना रेंगाळते आणि दहा वर्षांनीही गाव टँकरचीच वाट पाहतं. उपग्रहाच्या बाबतीत हेच होऊ शकतं. उलट, संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगराखालचा सोयगाव तालुका किंवा कन्नडकडचा गौताळ्याचा परिसर घ्या. जिल्हा म्हणून संभाजीनगर मागास यादीत नाही, पण डोंगराच्या आडोशाला गेलेल्या वस्त्यांची अडचण सातपुड्यातल्या पाड्यांसारखीच आहे. तेव्हा निवड जिल्ह्याच्या नावाने नको, गावागावाची व्हायला हवी. तार खरोखर जाऊ शकत नाही, की टाकलेली तार कुणी सांभाळलीच नाही, हे गावपातळीवर तपासल्याशिवाय तबकडी कुठे बसवायची ते ठरू नये.

तारेचा इतिहास याच कारणासाठी आठवायला हवा. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. मुदत होती दोन वर्षांची. पुढे तिचं नाव भारतनेट झालं, महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने राज्याने हाती घेतलं, मुदती वाढत गेल्या. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, तेव्हा मूळ आखणीतला दोष एका अर्थाने मान्य झाला. पूर्वीची तार तालुक्यापासून एका रांगेत गावोगाव जाई. रस्ता रुंदीकरणाच्या जेसीबीने मध्येच कुठे ती तोडली की पुढची सगळी गावं अंधारात. नव्या आखणीत तार कड्यासारखी फिरवून आणायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहील. हे सुधारणं गरजेचंच होतं. पण त्याहून मोठी उणीव हिशोबात होती. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पेटी बसली, दिवा लागला, की गाव जोडलं गेल्याची नोंद होई. वर्षातले किती दिवस ते इंटरनेट चाललं, शाळेत आणि आरोग्य उपकेंद्रात ते पोचलं का, याची मोजदाद गावकऱ्यांना दिसेल अशी कुठे नव्हती. उपग्रहाच्या प्रयोगातही बसवलेल्या तबकड्याच मोजल्या गेल्या, तर ९० दिवसांनी यशाचा अहवाल सहज तयार होईल आणि गावाच्या हाती काहीच लागणार नाही.

आता पैशांकडे येऊ. डिसेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकच्या भारतातल्या संकेतस्थळावर महिन्याला ८,६०० रुपये आणि यंत्रसंचासाठी ३४,००० रुपये असे आकडे दिसले. ते चाचणीचे आकडे चुकून दिसले, भारतातले दर अजून ठरलेले नाहीत, असा खुलासा कंपनीने लगेच केला. तो मान्य करू. तरी अंदाज घेण्यापुरते हे आकडे उपयोगी आहेत. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या हिशोबाने एका महिन्याचं इंटरनेट म्हणजे २७ दिवसांहून अधिक मजुरी. दर निम्म्यावर आला, अगदी चौथाईवर आला, तरी मजुराच्या घरात ही जोडणी जाणार नाही. शिवाय प्रश्न फक्त दराचा नाही. केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्री चंद्रशेखर पेम्मासानी यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की या कंपनीला भारतात साधारण २० लाखच ग्राहक सामावून घेता येतील. देशात सहा लाखांच्या वर गावं आहेत. समान वाटणी केली तर गावामागे जेमतेम तीन जोडण्या येतात. उपग्रहाच्या एका झोताखाली जितके ग्राहक, तितका प्रत्येकाच्या वाट्याचा वेग कमी, हा या तंत्राचा स्वभावच आहे. हे पाहता 'घरोघरी उपग्रहाचं इंटरनेट' ही भाषा गावांच्या बाबतीत दिशाभूल करणारी आहे. गावामागे तीन जोडण्या असतील, तर एक आरोग्य उपकेंद्रात, एक शाळेत किंवा आश्रमशाळेत आणि एक ग्रामपंचायतीत हवी, आणि तिथून सगळ्या गावाला वाय-फाय मिळायला हवं.

काही जण विचारतील, की ज्या पाड्यावर धड रस्ता नाही, तिथे इंटरनेटची एवढी घाई कशाला. कारण सरकारनेच आपले सगळे व्यवहार इंटरनेटवर नेले आहेत. रेशन दुकानातलं ई-पॉस यंत्र अंगठा पडताळल्याशिवाय धान्य सोडत नाही. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटोसह मोबाईलवरून घ्यायची आहे. अंगणवाडी सेविकेला पोषण ट्रॅकरमध्ये लाभार्थीचा चेहरा पडताळायचा आहे. शेतकऱ्याला ई-पीक पाहणी बांधावरून करायची आहे, नाहीतर सातबाऱ्यावर पीक लागत नाही. ज्याला रेंज नाही, त्याचं नुसतं यूट्यूब बंद राहत नाही. त्याचं धान्य, मजुरी आणि नुकसानभरपाईही अडते. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी सातपुड्यातल्या बायकांना डोंगर चढून रेंज शोधावी लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. सक्ती सरकारची असेल, तर ती पाळण्याची सोय करणंही सरकारचंच काम आहे.

पण याच ई-केवायसीकडे जरा जवळून पाहू. समजा, गावात मोबाईलचा टॉवर नाही आणि ग्रामपंचायतीच्या छतावर तबकडी बसली. वाय-फाय आलं. बाईने कुणाच्या तरी स्मार्टफोनवर पान उघडलं, आधार क्रमांक भरला, बटण दाबलं. आता तिच्या स्वतःच्या फोनवर ओटीपी यायचा आहे, आणि तो येतो एसएमएसने, म्हणजे टॉवरवरून. वाय-फायवरून कॉल आणि मेसेज घेण्याची सोय काही फोनमध्ये असते, पण साध्या बटणांच्या फोनमध्ये ती नसते, आणि अशा घरांत बहुधा तसाच फोन असतो. म्हणजे आकाशातून वेगवान इंटरनेट उतरूनही बाई पुन्हा डोंगराच्याच वाटेला लागणार. यावर उपाय आहे. गावात छोटा टॉवर उभा करायचा आणि त्या टॉवरला तारेऐवजी उपग्रहाने जोडायचं. मग साधा फोनही चालतो, ओटीपीही येतो, १०८ क्रमांकाला फोनही लागतो. भारतात दुर्गम भागातल्या टॉवरसाठी ही पद्धत पूर्वीपासून वापरात आहे. एअरटेल आणि जिओ या दोघांनी मार्च २०२५ मध्ये स्टारलिंकशी करार केले आहेत. राज्याने या कंपन्यांनाही टेबलावर बसवलं पाहिजे, आणि किमान टॉवर नसलेल्या गावांत तबकडीबरोबर टॉवरची अट घातली पाहिजे. विजेचंही तसंच. हा संच सतत ७५ ते १०० वॅट वीज घेतो आणि धाराशिवच्या गावातही वीज दिवसभर सलग असतेच असं नाही, भामरागडचं तर बोलायलाच नको. सौर पॅनल, बॅटरी आणि मोहा-सागाच्या शेंड्यांच्या वर जाईल असा खांब हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा लागेल. तबकडीला चहूबाजूंनी मोकळं आभाळ लागतं. एक मोठी फांदी आड आली तरी जोडणी क्षणाक्षणाला तुटते.

देखभालीवर इतका भर देण्याला आधार आहे. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी सोबत होती. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी जाहीर सभेत तिथल्या चित्रफिती दाखवून सुविधा नावापुरत्याच उरल्याचा आरोप केला, सत्ताधाऱ्यांनी तो फेटाळला आणि गावाची चर्चा राजकीय चिखलफेकीत हरवली. गावाला सेवा किती दिवस मिळाली, हे सांगणारी स्वतंत्र नोंद असती तर या वादाला जागाच उरली नसती. शिक्षणासाठी म्हणून २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाच्या वापरावर कॅगने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. उपग्रह चांगला होता, जमिनीवरची व्यवस्था अपुरी पडली. याच्या उलट उदाहरणही आपल्याकडे आहे आणि ते पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोने साइट नावाचा प्रयोग केला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दाखवले. गावात एक सार्वजनिक टीव्ही, आणि तो बिघडला तर दुरुस्त करायला नेमलेली माणसं, ही त्या प्रयोगाची रचनाच होती. विक्रम साराभाईंच्या विचारातून आलेला तो कार्यक्रम. महागडं तंत्र गरीब देशाने वापरायचं तर ते सामायिक करून वापरायचं, हे त्याचं सूत्र आजही तंतोतंत लागू आहे.

त्याच साइटने दुसरा धडाही दिला. उपग्रह अमेरिकेचा होता, वर्ष संपलं आणि तो परत नेला गेला. गावांतले पडदे काळे झाले. स्वतःचा इन्सॅट-१बी कामाला लागायला १९८३ उजाडलं. त्यामुळे 'परदेशी कंपनीच्या हाती कळ कशाला द्यायची' हा आक्षेप भाबडा म्हणून झटकून टाकता येत नाही. २०२२ मध्ये क्रिमियाजवळ सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती आपण मान्य केली नाही, हे मस्क यांनी स्वतःच नंतर सांगितलं. २४ जुलै २०२५ रोजी सॉफ्टवेअरमधल्या बिघाडाने स्टारलिंक जगभर सुमारे अडीच तास बंद होतं. केंद्राने या कंपन्यांना माहिती देशातच ठेवण्याच्या, सुरक्षा यंत्रणांना तपासणीची मुभा देण्याच्या अटी घातल्या आहेत आणि त्या योग्य आहेत. पण या आक्षेपाचं उत्तर गावांना ताटकळत ठेवणं हे नाही. उत्तर आहे एकाच कंपनीवर विसंबून न राहणं. भारती समूहाचा मोठा वाटा असलेल्या वनवेबकडे आणि जिओ-एसईएसकडे परवाने आहेत. इस्रोचा ४८ गिगाबिट क्षमतेचा जीसॅट-एन२ नोव्हेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेला, तोही मस्क यांच्याच स्पेसएक्स कंपनीच्या रॉकेटने. तो लांबच्या कक्षेतला आहे, उशीर जास्त आहे, पण शाळेतल्या धड्यांना आणि आकाशवाणीसारख्या एकतर्फी सेवांना तो पुरेसा आहे. राज्याने निविदा काढताना सेवा काय हवी ते लिहावं, कंपनीचं नाव नव्हे. आणि कळ फक्त परदेशात नसते, हेही ध्यानात ठेवायला हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट सरकारी आदेशाने काही काळ बंद झालं होतं. आरोग्य केंद्र आणि आपत्ती नियंत्रण कक्ष यांच्या जोडण्या अशा आदेशांतून वगळलेल्या असाव्यात. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परंड्यात हेलिकॉप्टरने माणसं काढावी लागली, तेव्हा संपर्काचा दुसरा मार्ग हाताशी असणं म्हणजे काय, ते मराठवाड्याला वेगळं सांगायला नको.

रेडिओलहरींच्या वादाबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या टूजी निकालानंतर लिलाव हाच प्रामाणिक मार्ग, अशी धारणा पक्की झाली आणि जिओने उपग्रहालाही तोच नियम लावावा असा आग्रह धरला. पण मोबाईलच्या लहरी एका भागात एकाच कंपनीच्या होतात, उपग्रहाच्या लहरी अनेक कंपन्या एकाच आभाळात वाटून वापरू शकतात. म्हणून २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या प्रशासकीय पद्धतीने देण्याची तरतूद केली आणि ती मला पटते. दूरसंचार नियामक ट्रायने ९ मे २०२५ रोजी महसुलाच्या ४ टक्के आकार आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा, अशी शिफारस केली. शहरातल्या ग्राहकाला महाग करून कंपनीला गावाकडे वळवायचा हा प्रयत्न आहे. दिशा बरोबर आहे, पण बंगल्याच्या गच्चीवर तबकडी लावणाऱ्याला वर्षाचे ५०० रुपये जाणवणारही नाहीत. बाजाराच्या ओढीने हे इंटरनेट आधी महाबळेश्वरच्या रिसॉर्टमध्ये पोचेल आणि अक्राणीत सर्वांत शेवटी. लिलाव टाळून सवलत दिली असेल, तर बदल्यात दुर्गम गावांतल्या किती सार्वजनिक जोडण्या किती सवलतीत द्यायच्या, हे परवान्यातच लिहून घ्यायला हवं.

राहिला खर्चाचा आक्षेप: मूठभर पाड्यांसाठी इतका पैसा का? चुकून दिसलेल्या त्या दरानेच पाहिलं, तर एका जोडणीचा वर्षाचा खर्च १ लाख ३ हजार रुपये होतो, १०० जोडण्यांचा १ कोटीच्या थोडा वर. घाऊक खरेदीत तो खाली येईल, आणि टॉवर नसलेली गावं जोडण्यासाठी तो राज्याच्या तिजोरीला जड नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातला ५ टक्के वाटा याच कामासाठी डिजिटल भारत निधीत जमा होतो. त्यातून पाच वर्षांचं बिल आधीच बाजूला काढता येईल. धाराशिव आणि वाशिमच्या गावांत मात्र तबकडी बसवताना तिच्यासोबतच तार येण्याची तारीख ठरावी आणि तार आली की तबकडी उचलून अक्राणी किंवा भामरागडच्या पुढच्या पाड्यावर न्यावी. आणि ९० दिवसांचा जो अहवाल तयार होईल, तो मंत्रालयात सादर होण्याआधी मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा. इंटरनेट किती तास चाललं, किती तास बंद होतं, बिघाड कळवल्यावर माणूस किती दिवसांनी आला, ९१ व्या दिवसापासून बिल कोणत्या खात्यातून जाणार आहे, हे त्यात असावं. तो अहवाल खरा की खोटा, हे रेशनच्या रांगेत उभी असलेली बाई कुठल्याही तज्ज्ञापेक्षा चांगलं सांगू शकेल. तिची नोंदही त्याच कागदावर व्हावी.